दस्तगीर मिस्त्रींचा अंगठा

दस्तगीर मिस्त्री उजव्या हाताचा अंगठा फार जपायचे. चहाची बशी डाव्या हातात, विडीही डाव्या हातात. तापलेल्या इंजिनात हात घालायची वेळ आली, तर बाकीची चार बोटं खुशाल पोळून घ्यायचे, पण अंगठ्याला आधी ओलं फडकं गुंडाळायचे. सोसायटीच्या ऑफिसात एकदा त्यांना कागदावर अंगठा उठवायला सांगितला, तर ते उठून घरी आले. चाळिशी उलटलेला माणूस, पण महिनाभर शाळेच्या गुरुजींकडे जाऊन सही शिकला. ती सही मी पुढे पाहिली. एकेक अक्षर पान्यानं आवळून बसवल्यासारखं होतं. मी विचारलं, एवढा खटाटोप कशाला? म्हणाले, "ह्यो अंगठा कागदाचा न्हाई बाई, कामाचा हाय. शाईनं कातडं मेलं की दम कळत न्हाई."

दम म्हणजे इंजिनातला दम. गाडीच्या इंजिनात पिस्टन हवा दाबतो, त्या दाबाला शिकलेली माणसं कॉम्प्रेशन म्हणतात. लातूरच्या मोठ्या गॅरेजांत ते मोजायला मीटर असायचं. मुरुडच्या स्टेशनरोडवर, कडुलिंबाखालच्या पत्र्याच्या शेडमध्ये मिस्त्रींकडे अंगठा होता.

माझी आणि त्या अंगठ्याची गाठ पडली तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते आणि जगातलं सगळं मला कळत होतं. आता सत्तरीला टेकले आहे, तर नातीच्या फोनवर आलेला फोन कसा उचलायचा तेही कळत नाही. माणूस उलटाच वाढतो की काय कोण जाणे.

तेव्हा माझी अवस्था अशी होती: नवरा कावीळ होऊन दीड वर्षापूर्वी गेलेला, पदरात दोन पोरी, घरात सासरे आणि दारात एक काळी गाडी. गाडी ह्यांनी जुनी घेतली होती. लग्नाची वऱ्हाडं, लातूरला न्यायचे पेशंट, असं भाडं मारायचे. दुखणं वाढलं तेव्हा मला म्हणाले, "गाडी बसू देऊ नको. रविवारच्या रविवार चालू करत जा." त्यांच्या मनात असणार की कुणाला तरी बोलावून एक चक्कर मारून आणावी. तेवढं सविस्तर बोलायला त्यांना सवड मिळाली नाही आणि मला विचारायचं सुचलं नाही.

तर मी रविवारच्या रविवार गाडी चालू करायचे. विहारातली वंदना आटोपून आले की ह्यांचा काळा चष्मा डोळ्याला लावायचा, ड्रायव्हरच्या जागेवर बसायचं आणि किल्ली फिरवायची. गाडी चालवता येत नव्हती, पण पाय दाबता येत होता. जागच्या जागी पाच मिनिटं अशी गर्जना करायची, की गल्लीतल्या बाया दारात यायच्या. मग मी मोठ्या ड्रायव्हरसारखी उतरून दार आपटायचे. गाडी दीड वर्षात वीतभर पुढे गेली नाही. माझी मान मात्र फार उंच गेली होती.

पुढे दुष्काळ आला. विहिरी तळाला गेल्या. चार दिवसांआड टँकर यायचा आणि घराला दोन घागरी पाणी मिळायचं. आमच्या अंगणात ह्यांनी हातानं लावलेली एक लिंबोणी होती. तिची पानं वळायला लागली तशी मी रोज तिच्या बुडाची माती चाचपून बघायला लागले. एक दिवस मला आठवलं, गाडीच्या पोटात पाणी असतं. रेडिएटरच्या बुडाला एक छोटा कॉक असतो, तो ह्यांनीच मला दाखवला होता. बादली लावली, कॉक फिरवला. तांबडं, गंजाचं का होईना, बादलीभर पाणी निघालं. ते मी लिंबोणीला घातलं. मामा, म्हणजे माझे सासरे, तेव्हा बाहेर गेलेले होते. एकाच माणसाच्या दोन खुणा माझ्याजवळ होत्या, त्यातल्या एकीचं पाणी काढून मी दुसरीला पाजलं आणि वर स्वतःच्या हुशारीवर खूश झाले.

कहर तो पुढेच. रविवारचा नेम मी मोडला नाही. म्हटलं, पाच मिनिटांनी काय होतंय? तिसऱ्या मिनिटाला बोनेटमधून तापल्या तव्याचा वास यायचा. मला वाटायचं, गाडीला घाम फुटतोय, म्हणजे तब्येत सुधारतेय. असे चार रविवार गेले. पाचव्या रविवारी गाडी धापा टाकून गचकली. सहाव्या रविवारी उठलीच नाही.

आणि नेमकं तेव्हाच गाडीचं काम निघालं. लातूर जिल्हा नवा झाला होता. नवे साहेब, नव्या पाट्या, आणि जिल्हाभर टंचाईची कामं. ती बघत फिरायला भाड्यानं गाड्या लावून घेणार होते. गाडी सोमवारी लातूरला चालू हालतीत दाखवायची, पसंत पडली तर दुष्काळ सरेपर्यंत काम. मुरुडच्या एका ओळखीच्या कारकुनानं हे कानावर घातलं तेव्हा वार होता मंगळवार.

मामांचं गणित वेगळं होतं. ते वाईट नव्हते, थकलेले होते. लेक गेला, शेत करपलं, घरात तीन बायका आणि प्यायला पाणी नाही. माझा भाऊ धर्माबादला होता. मामांचं म्हणणं, पोरींना घेऊन भावाकडे जा, तिकडं पाणी तरी आहे. गाडी भंगारात देऊ, घराला कुलूप लावू, मी बहिणीकडे राहीन. लातूरचा एक मेकॅनिक त्यांनी दाखवायला आणला होता. त्यानं मीटर लावून सांगितलं की दम गेलाय, सगळं इंजिन खोलावं लागेल आणि तेवढं करण्याच्या लायकीची गाडी नाही. मामांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत धर्माबादची एसटी उभी होती.

भावाकडे गेलेल्या विधवेचं काय होतं ते मी माहेरीच बघितलेलं होतं. माझी आत्या आमच्याकडे अशीच चार दिवसांसाठी आली आणि एकवीस वर्षं चुलीपाशी बसली. मी पोरींना मामांपाशी ठेवलं आणि स्टेशनरोडला धावत गेले. ह्यांच्या गाडीचं काम दस्तगीर मिस्त्री करायचे, एवढंच मला माहीत होतं. ते ट्रॅक्टरखाली पडलेले होते. मी त्यांच्या पायांशीच सगळी कहाणी सांगितली, बादली तेवढी वगळून. पाय म्हणाले, "मीटरवाल्यानं दम गेला म्हून सांगितलं. कुठून गेला, ते सांगितलं का?"

मी म्हटलं, नाही.

"मग त्यानं अर्धंच बघितलं," म्हणत मिस्त्री बाहेर आले. उंच, वाळका माणूस. पांढरी टोपी कपाळाकडून काळी झालेली.

आमच्या अंगणात येऊन त्यांनी चारी प्लग काढून ओळीनं मांडले. मामांना म्हणाले, हँडल फिरवा. पहिल्या भोकावर अंगठा दाबून धरला आणि डोळे मिटले. हँडल फिरलं तसा अंगठा फट् करून उडाला. मग दुसरं भोक, मग तिसरं, मग चौथं. तोंडावर काहीच दिसू दिलं नाही. मग मला म्हणाले, "इकडं या बाई. अंगठा द्या."

मी गडबडले. सासऱ्यांसमोर, परक्या माणसाशेजारी, तेलकट इंजिनात हात घालायचा? गल्लीतल्या बाया तर चष्म्याच्या रविवारपासून माझ्यावर टपलेल्याच होत्या. मिस्त्री शांतपणे म्हणाले, "गाडी तुमची हाय का मामांची?"

मी पदर खोचला आणि अंगठा लावला. पहिल्या भोकात वासरानं ढुशी मारावी तशी हवा आली, अंगठा बाजूलाच फेकला. दुसऱ्यात काही नाही, फक्त आजारी माणसानं सुस्कारा सोडावा तसं ओलसर काहीतरी लागलं. तिसऱ्यात तेच. चौथ्यात पुन्हा ढुशी.

"किती?"

"दोन हायत. दोन न्हाईत."

"बराबर. आता बगा." त्यांनी पिचकारीनं मेलेल्या दोन भोकांत थोडं थोडं तेल सोडलं आणि परत माझा अंगठा तिथं ठेवला. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील तर तेल फटी बुजवतं, दम वर येतो, असं त्यांनी मला एखाद्या शाळकरी पोरीला समजवावं तसं सांगितलं. दम तसूभर वर आला नाही. म्हणजे रिंगा चांगल्या होत्या. मग त्यांनी विचारलं, मेलेले दोघं कुठं हायत? मी म्हटलं, मधले दोघं. "शेजारीशेजारी. दोघंबी एकाच दिवशी, सारखेच मेले. म्हंजी माणसं मेली न्हाईत बाई, त्याहींच्या मधली भिंत फुटली. ह्याचा दम त्याच्या घरात जातो, त्याचा ह्याच्या." ती भिंत म्हणजे इंजिन आणि त्याचं डोकं यांच्यामधलं गॅस्केट. ते बदललं तर बाकीचं इंजिन तरुण होतं.

मी आनंदानं रडायच्या बेतात होते, तेवढ्यात मामांनी विचारलं, "पन भिंत फुटली कशानं?"

मिस्त्री म्हणाले, "तापून फुटती." त्यांनी रेडिएटरचं झाकण उघडलं, आत बोट घातलं. बोट बाहेर आलं ते कोरडं, वर विटकरी भुकटी. कुणी काही विचारायच्या आतच मी बोलले, "उन्हानं आटलं असंल."

झाकण बंद, खालून कॉक बंद, आणि बादलीभर पाणी उन्हानं आटलं म्हणे. आज नातवंडांनी अशी थाप मारली, तर मी तिथल्या तिथं कान पिळीन. मिस्त्रींनी बोट फडक्याला पुसलं. माझ्याकडे पाहिलं, मग अंगणभर एकदा नजर फिरवली, आणि मामांना म्हणाले, "हाव. लई ऊन हाय यंदा."

मामा म्हणाले, पण चूक कुणाची? मिस्त्रींनी प्लग गोळा करायला घेतले. "उभ्या गाडीत चूक कुणाची असती व्हय मामा? उभी ऱ्हायली, येवढंच."

त्या क्षणी त्यांनी खरं सांगितलं असतं, तर माझं त्या घरातलं बोलणं कायमचं संपलं असतं. जिनं गाडी मारली, तिच्या हाती गाडी कोण देणार? मी त्यांना विचारलं, सोमवारपर्यंत होईल का? तर हाच माणूस, ज्यानं आत्ताच माझ्यासाठी एवढी मोठी थाप पचवली, मला म्हणाला, "गॅस्केट घावलं तर हुईल, न्हाई घावलं तर न्हाई. मी झूट कामून बोलू?"

गॅस्केट लातूरला मिळालं नाही. गुरुवारी ते पहाटेच्या एसटीनं नांदेडला गेले. त्या दिवशी परत आले नाहीत. शुक्रवारी मामांनी बोलावलेला भंगारवाला हातगाडा आणि दोर घेऊन दारात आला. मी काय केलं असेल? काळा चष्मा लावला आणि गाडीत जाऊन बसले. आतून काचा वर केल्या. मे महिन्याचं ऊन, खाली तापलेली सीट, आणि मी चष्मा लावून समोर बघत बसलेली, जशी काही गाडी ताशी पन्नासनं चालली आहे. भंगारवाला बिचारा तासभर सावलीत बसला. मग मामांना म्हणाला, बाईसकट तोलायची असंल तर सांगा. मामांना हसू आलं. ह्यांच्या माघारी मी त्यांना पहिल्यांदा हसताना बघितलं. त्यांनी त्याला जायला सांगितलं, पण मला म्हणाले, सोमवारच्या पुढं मी ऐकणार नाही.

रात्रभर पोरींच्या कपड्यांचं गाठोडं बांधत होते आणि सोडत होते.

शनिवारी दुपारी मिस्त्री आले. गॅस्केट कागदात गुंडाळून छातीशी धरलेलं. दुमडू नये म्हणून नांदेडपासून मुरुडपर्यंत उभ्यानं आले होते. पण डोकं खोलून त्यावर पट्टी धरली, तर पट्टीखालून उजेड दिसला. तापल्यानं डोकं वाकलं होतं. असं वाकडं डोकं बसवलं तर नवं गॅस्केटही आठवड्यात फुटणार. लातूरला मशीनवर सपाट करून घ्यायला दिवस उरला नव्हता. मिस्त्री बाजेवर बसले. पहिल्यांदाच त्यांच्या तोंडावर मला 'नाही' दिसलं. म्हणाले, "जाड काच पायजे. एकदम सपाट, हातभर लांब. गाडीच्या काचंला बाक असतो, ती चालत न्हाई."

तशी काच गावात एकच होती, आणि ती माझ्या खोलीत होती. माहेरून आलेल्या कपाटाचा आरसा. आता सांगायला हरकत नाही, नवरा गेल्यावर बाईनं आरशात बघू नये अशी गल्लीची अपेक्षा असायची, आणि मी दार लावून दिवसातून दहा वेळा बघायचे. दिसायला बरी होते, काय करणार. तो आरसा मी स्क्रू काढून बाहेर आणला. मिस्त्रींनी तो गोधडीवर पालथा नाही, उताणाच ठेवला, वर बारीक पॉलिशपेपर पसरला, थोडं रॉकेल शिंपडलं आणि इंजिनाचं डोकं त्यावर घासायला घेतलं. आठाच्या आकड्यासारखं, न थांबता. ते दमले की मी घासायचे. मिस्त्री दर थोड्या वेळानं डोकं उलटं करून त्यावरून अंगठा फिरवायचे आणि मान हलवायचे, अजून. रविवारी दुपारी एकदाची पट्टीखालून उजेड यायचा थांबला. कागद सरकून सरकून आरशावर करड्या रेघांचं जाळं झालं होतं.

डोकं बसलं, बोल्ट आवळले. मग राहिलं पाणी. टँकर सोमवारी यायचा होता. घरात माझी एक घागर अर्धी होती, ती मी ओतली. रेडिएटर अर्ध्यावर आला. लिंबोणी बघत होती. मी तिच्याकडे बघितलं नाही. एवढ्यात मामा आतून आले. स्वतःच्या वाटणीचं पाणी, दोन दिवस तोंड न धुता राखलेलं, तपेलीत आणलेलं. माझ्या हातात देऊन म्हणाले, "वत."

मिस्त्रींनी हँडल माझ्याकडे केलं. तिसऱ्या फिरकीला गाडी उठली. मी चष्मा आणायला आत पळाले, तर मिस्त्री मागून म्हणाले, चष्मा ऱ्हाऊ द्या बाई, आधी चालवायला शिका.

सोमवारी गाडी लातूरला त्यांनीच नेली. ती पसंत पडली आणि दुष्काळ सरेपर्यंत जिल्हाभर फिरली. आधी पगारी ड्रायव्हर ठेवला. पण रोज संध्याकाळी मिस्त्रींच्या शेडमागच्या मैदानात ते मला शिकवायचे आणि वर्षभरात ड्रायव्हरची जागा माझी झाली. माझ्या पोरींची शिक्षणं त्या गाडीनं केली. धर्माबादला मी गेले, पण चार दिवसांसाठी आणि स्वतःच्या गाडीनं.

गाडी थोडे दिवस जरी उभी राहिली तरी मिस्त्री निरोप पाठवायचे, "फिरवून आणा. जागेवर गुरगुर करू नका." मी शिकलेला पहिला धडा हाच, आणि तो बायकांच्या बाबतीतही खरा आहे असं मी पुढे माझ्या दोन्ही पोरींना सांगत आले.

बादलीचं खरं मी त्यांना पुढे तीनेक वर्षांनी सांगितलं. तोवर पाऊसपाणी बरं झालं होतं, मामा वारले होते, लपवण्यासारखं कुणी उरलं नव्हतं. मोठ्या जड मनानं कबूल केलं. ते कार्ब्युरेटर पुसत होते, पुसतच राहिले. म्हणाले, "मला त्याच दिशी कळलं. सगळ्या गावात झाडं वाळून राहिली, आन तुमची लिंबोणी हिरवीगार. बुडाला गंजाचं तांबडं आळं." मी विचारलं, मग मामांना का नाही सांगितलं? तर म्हणाले, "गाडीनं मला सांगितलं व्हतं. मामांनी गाडीला इचारायचं."

सात वर्षांपूर्वी मिस्त्री अंथरुणाला खिळले. आयुष्यभराचा धूर छातीत बसलेला. मी भेटायला गेले तेव्हा पौषातली थंडी होती. त्यांच्या अंगावर दोन गोधड्या, वर घोंगडं, आणि तरीही बोटं गार. प्रत्येक श्वासाला छाती वर यायची आणि अर्ध्यातच थांबायची. अंगठा मात्र तसाच, गुळगुळीत, एक चरा नाही. मग त्यांनी माझा हात धरला, माझा अंगठा आपल्या ओठांपाशी नेला आणि डोळ्यांनीच विचारलं.

मी अंगठा धरून ठेवला. फार लक्ष देऊन धरला, त्यांनीच शिकवलं होतं तसा. काहीच नव्हतं. दूर कुठं दार उघडावं तेवढी झुळूक.

"किती?"

"चारी हायत मिस्त्री," मी म्हटलं. "चारी बराबर हायत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तसंच, जसं रेडिएटरात घातलेलं बोट पुसताना पाहिलं होतं. घोंगडं हनुवटीपर्यंत ओढून घेतलं.

"हाव," म्हणाले. "लई ऊन हाय यंदा."